कुडाळचं कॅसेट उतरवून देणारं दुकान, आणि दोन गाण्यांमधली शांतता

जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर नीट उतरवून देणारं कुणी सिंधुदुर्गात आहे का, असं मला बरेच जण विचारतात. आहे. कुडाळला एसटी स्टँडकडून जुन्या बाजारपेठेकडे चालत निघालात की शिलाई मशीनच्या दुकानाला लागून एक अरुंद गाळा आहे. पाटीवरची अक्षरं पावसाने केव्हाच धुतली, त्यामुळे नाव विचारत बसू नका. बाहेर मिक्सर आणि टेबलफॅन मांडलेले दिसतील. आतल्या टेबलावर मालकांनी एक कॅसेट डेक फक्त याच कामासाठी राखून ठेवलाय.

तुमची कॅसेट जिवाभावाची असेल तर ती इथे द्या, दुसरीकडे नको. कारण एकच, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं: हे गृहस्थ कॅसेटची अख्खी बाजू सलग उतरवतात. गाणी तोडत नाहीत.

याचं महत्त्व मला आधीच्या अनुभवामुळे ठाऊक आहे. शहरातल्या एका सेवेकडे मी ‘शिवकल्याण राजा’ची कॅसेट पाठवली होती. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या निमित्ताने १९७४ साली निघालेला हा संग्रह. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, लताबाईंचा आवाज, आणि मधे मधे बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. परत आली तेव्हा प्रत्येक गाणं वेगळं, चकचकीत, खरखर पुसलेलं. निवेदन कापलेलं. गाण्यांच्या मधली जागाही कापलेली. एकेक गाणं ऐकायला छानच होतं, पण आमच्या माजघरात वर्षानुवर्षं वाजत आलेला संग्रह त्यात कुठेच नव्हता. त्या निवेदनातला दम घेण्याचा क्षण आला की पुढच्या गाण्याची पहिली ओळ आम्ही भावंडं आधीच म्हणायला लागायचो. तो क्षणच राहिला नाही.

काही संग्रह जन्मभर का सोबत राहतात, याचं माझं उत्तर याच जागेत आहे. गाणं एकेकटं लक्षात राहतं. संग्रह मात्र त्यातल्या क्रमामुळे राहतो. कशानंतर काय येतं, किती थांबून येतं, बाजू कुठे उलटायची, हे सगळं आपल्या आत भरलं जातं. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली हे तपासलं होतं. लोकांना त्यांच्या अगदी ओळखीच्या सीडी ऐकवल्या आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत मेंदूत काय चालतं ते पाहिलं. पुढचं गाणं अजून लागलेलंही नसताना मेंदू कामाला लागलेला होता, आणि त्यात हालचालींची आखणी करणारे भागही होते. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. आमची आई भाजी चिरताना गाणं सुरू होण्याआधी अर्धा क्षण मान हलवायची, ती उगीच नव्हे.

ऐन तारुण्यात ऐकलेलंच टिकतं, असंही म्हणतात. माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त येतात हे मानसशास्त्राने दाखवलंय, ते मला मान्य आहे. पण तेवढंच कारण मला पटत नाही. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ माझ्या हाती आली तेव्हा मी शाळेत शिकवत होते, मुलं मोठी झाली होती. तरी ती अशी भिनली की आजही अहीर भैरव दुसऱ्या कुणाकडून ऐकताना कान त्यापुढच्या नट भैरवाची वाट बघतात. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. १९६७ साली एचएमव्हीने काढलेली ही ध्वनिमुद्रिका काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस सांगते. पहाटेचा भैरव, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. दिवस पुढे सरकतो तसे राग बदलतात. पहाडी उचलून पहिली ठेवा, सूर तेच राहतील, पण दिवस मोडेल. म्हणून फोन आपल्या मर्जीने गाणी उलटसुलट लावतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

आता दुकानाकडे वळते. मी वेंगुर्ल्याची. समुद्राच्या अंगाला असलेल्या घरात कॅसेट टिकणं कठीण, कारण चार महिने दमट हवा आणि बाकीचे महिने खारट. फितीवर पांढरी बुरशी येते. फितीमागच्या पट्टीवरचा फेल्टचा तुकडा गळून पडतो. डेकमधला रबरी पट्टा पाघळून डांबरासारखा चिकट होतो. माझी पहिली कॅसेट उजेडात धरून मालक म्हणाले, “बाईनू, ही घराकडे लावू नकात. बुरशी हेडाक लागली तर दुसऱ्या कॅसेटींका लागतली.” त्यांनी फीत जुन्या खोक्यातून काढून नव्या खोक्यात बसवली, हळूहळू दोन्ही दिशांनी गुंडाळून पुसून घेतली आणि मगच डेकला लावली.

त्यांची खरी हुशारी पुढे दिसते. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पुढे जाते आणि त्यावर दोन बाजूंचे मिळून चार पट्टे असतात. वाचणारं हेड केसभर तिरकं असलं तरी झांजेची किणकिण मरते. हेडाजवळ एक छोटा स्क्रू असतो. हे गृहस्थ प्रत्येक कॅसेटसाठी तो नव्याने, कानाने जुळवतात. वेग बरोबर आहे का, ते चाचणी-कॅसेटवर पाहून घेतात. घाई करत नाहीत, आणि एक तासाची कॅसेट उतरायला एक तास लागतोच.

माझ्याकडची तिसरी कॅसेट म्हणजे आमच्या देवळातली डबलबारी, म्हणजे दोन बुवांमधला भजनाचा सामना. दादा मुंबईहून गणपतीला टू-इन-वन घेऊन आला होता, त्यानेच कोऱ्या कॅसेटवर भरलेली. रूपावली, अभंग, गौळण असं सगळं रंगत जातं आणि गजर ऐन भरात असताना फीत संपते. दादाने कॅसेट उलटून पुन्हा बटण दाबेपर्यंत दीड ओळ गेली. ही कॅसेट आम्ही इतकी ऐकली, की तोच गजर कुठेही कानावर आला तरी मी त्या जागी थांबते. समोरचा बुवा गात राहतो, आणि मला मधे बटणाचा खटका ऐकू येतो.

याच कॅसेटवर एका शांत जागी पुढचा आलाप अगदी पुसट, आधीच ऐकू येतो. मालकांनी कारण समजावलं. फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हलकंसं उमटतं, म्हणून येणारा सूर स्वतःच्याच आधी कुजबुजतो. “हो आवाज काढू की ठेवू?” त्यांनी विचारलं. असं विचारणारा कारागीर मला दुसरा भेटलेला नाही. मी ठेवा म्हटलं. कॅसेट ऐकणाऱ्याच्या मनात जे होतं, तेच त्या फितीवर झालं होतं, ते कसं काढायला सांगू?

उणिवा आहेत. काम उशिरा होतं, सांगितलेल्या तारखेवर दोन आठवडे धरून चाला. पावती मिळत नाही, म्हणून प्रत्येक कॅसेटवर आपलं नाव चिकटवून द्या. फाइलला ते फक्त तारीख घालतात. बाजू एक, बाजू दोन असं लिहून द्यायला आवर्जून सांगा, नाहीतर क्रम उलटा लागायचा. स्पूल आणि व्हिडिओ कॅसेट घेत नाहीत.

एका कॅसेटचे दीडशे रुपये, खोका बदलावा लागला तर वर पन्नास. पेनड्राइव्ह आपला न्यायचा. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गर्दीत त्यांना बोलायला सवड नसते. भर पावसात तर कॅसेट नेऊच नका, दसऱ्यानंतर हवा सुकली की न्या.