रात्रपाळीचा शेक आणि काट्यातली गोम

प्रोटीन शेकचे डबे विकून आम्हाला ज्याने गंडवलं तो सुरुवातीला फारसं खोटं बोललाच नाही. म्हणूनच हे जरा सविस्तर लिहितोय.

चाकण एमआयडीसीत कंपनीच्या बस लागतात तिथे, चहाच्या टपरीशेजारी तो उभा असायचा. छातीवर ‘वेलनेस कोच’चा बिल्ला, हातात टॅब, पायाशी काचेचा चकचकीत वजनकाटा. थर्ड शिफ्ट सुटली की गिऱ्हाईक आयतंच समोर. बोलणं ऐकत राहावं असं. रात्री शरीरात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं, स्वादुपिंड इन्सुलिन सोडताना हात आखडता घेतं, म्हणून दुपारी खाल्लेल्या वडापावपेक्षा रात्री दोनचा वडापाव साखर जास्त चढवतो. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळतो. हे सगळं खरं आहे. २०२१ सालचा अमेरिकेतला एक प्रयोगही तो मोबाइलवर दाखवायचा. प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलेल्या ज्या लोकांनी रात्री जेवण घेतलं, त्यांच्या साखरेची सरासरी ६.४ टक्के वाढली. हेही खरं. त्याच प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग मात्र तो गिळून टाकायचा: ज्यांनी फक्त दिवसा खाल्लं त्यांची साखर वाढलीच नाही. म्हणजे संशोधन सांगतंय रात्री खाणं टाळा, आणि त्याच संशोधनाच्या जिवावर हा पठ्ठ्या रात्री दोनला प्यायचा शेक विकत होता!

आता काटा. असे काटे तळपायांतून बारीक वीजप्रवाह सोडतात, त्याला किती अडथळा होतो ते मोजतात आणि वय, उंची, लिंग धरून चरबीचा अंदाज बांधतात. अंगात पाणी कमी असलं की चरबी जास्त दिसते. आठ तास मशीनवर उभं राहून, घामेजून बाहेर पडलेल्या माणसाला त्यावर चढवलं की आकडा भीतीदायक येऊ शकतो. माझं ‘मेटाबॉलिक वय’, म्हणजे शरीर आतून किती वयाचं झालंय याचा काट्याचा अंदाज, ५१ आलं, खरं वय ३८. डबा ₹३,२००, पैसे त्याच्या खासगी क्यूआरवर, पावती ‘ॲपवर येईल’. ती आजतागायत आलेली नाही.

महिन्याने दुसरं मोजमाप. या वेळी आधी शेक आणि पाण्याची बाटली पाजली, मग काट्यावर. वय एकदम ४३! सगळे खूश. आमच्यातल्या एका पोराने तेवढ्यात टॅबवर नजर टाकली, तर माझ्या नावासमोर ‘ॲथलीट’ निवडलेलं आणि उंची पाच सेंटिमीटरने वाढवलेली, म्हणजे चरबीचा अंदाज आपोआप कमी. वजन मात्र दीड किलोने वाढलं होतं. त्यावर उत्तर आलं, ‘दादा, तो मसल आहे.’

डबा बायकोने उलटा करून वाचला. समोर मोठ्या अक्षरांत ६० टक्के प्रोटीन. मागे, पट्टीखाली दबलेल्या तक्त्यात १०० ग्रॅमला प्रोटीन २२, कर्बोदकं ६४. घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली कर्बोदकांची पूड, आणि यादी जास्त वजनाकडून कमी वजनाकडे लिहायची असा नियम आहे. माल्टोडेक्स्ट्रिन रक्तात जवळजवळ ग्लुकोजच्याच वेगाने उतरतं. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम प्रोटीन असतं, तेही किराणा दुकानात. सासूबाईंच्या ग्लुकोमीटरवर शेकनंतर तासाभराने माझी साखर २०४ आली. पुढे लॅबमध्ये एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, ६.१ टक्के आली, आदल्या वर्षी ५.८ होती.

माझं एवढ्यावर निभावलं. खरा संताप आहे तो आमच्या लाइनवरच्या एका काकांपायी. त्यांना मधुमेह आहे, त्यावरची मेटफॉर्मिनची गोळी चालू होती. त्यांना सांगितलं गेलं, ‘काका, गोळ्या म्हणजे केमिकल, शेक घेताय तोवर बंद ठेवा.’ तहान लागायची, सारखं लघवीला जावं लागायचं, तर म्हणे डिटॉक्स होतंय. शिफ्टमध्येच गरगरून बसले तेव्हा साखर चारशेच्या वर निघाली. अशा पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं सक्तीचं आहे. या डब्यावर ते होतंही, पण इंग्रजीत, तळाशी, मुंगीएवढं.

डब्यावरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी परवाना क्रमांक त्यांच्या फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, तर तो भलत्याच गावातल्या मसाले कांडणाऱ्याच्या नावावर. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे पडत नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी आधी दोन गोष्टी मागितल्या: बिल आणि न उघडलेला डबा. बिल कुणाकडेच नव्हतं. एकाने आळसामुळे दुसरा डबा फोडला नव्हता, तो दिला. क्यूआरवर पैसे गेल्याचे स्क्रीनशॉट प्रत्येकाकडे आहेत, तेही जोडलेत.

तक्रार अजून चालू आहे. माणूस चाकणहून गायब, पण रांजणगावला कामाला असलेल्या मेव्हण्याने परवा फोटो पाठवला: तोच टॅब, तोच काचेचा काटा, डब्याचा रंग तेवढा निळ्याचा हिरवा. तिकडे कुणाला गाठ पडलाच, तर काट्यावर चढायच्या आधी टॅबवर उंची आणि वय काय घातलंय ते बघून घ्या, आणि ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांना त्याच्या आसपास फिरकू देऊ नका.