हळदीच्या चक्कीसाठी एलएलपी काढली, हिंगणघाटच्या वकील साहेबांकडून

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात. घरची वायगाव हळद दळून पाकिटात विकायची म्हणून मी, माझी जाऊ आणि जावेचा भाऊ असे तिघं एकत्र आलो. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, काढायला आधी एका ऑनलाइन सेवेला पैसे भरले. त्यांनी पाठवलेल्या करारात आमचा धंदा ‘सॉफ्टवेअर सेवा’ होता आणि नफ्याच्या वाटणीबद्दल एक ओळ नव्हती. दर फोनला नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून सांगा. ते पैसे गेले असं समजून हिंगणघाटला कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकील साहेबांकडे गेलो.

पहिल्या दिवशी त्यांनी एकही फॉर्म काढला नाही. दोन तास नुसतं विचारत होते. “चक्की कोनाची? शेड कोनाच्या नावावर? उद्या एक जन निघून गेला तं चक्की कोन नेईन जी?” जाऊबाईंना राग आला, अजून सुरू नाही झालं तर फुटायच्या गोष्टी कशाला! मग त्यांनी 2008 चा एलएलपी कायदा उघडून दाखवला. करारात वाटणी लिहिली नसेल तर नफा-तोटा सगळ्यांचा सारखा. जावेच्या भावानं चक्की आणि पॉलिशरमध्ये सव्वादोन लाख घातलेले, मी रोख एक लाख, जाऊबाईंनी सत्तर हजार. हे ऐकून तिघंही गप्प झालो.

करार त्यांनी मराठीत समजावून सांगितला. आमच्यातलं कोणी वारलं तर वारसाला पैसे मिळतील, पण धंद्यात यायला बाकी दोघांची संमती लागेल, हे त्यांनीच सुचवलं. चक्कीची किंमत अंदाजे धरू दिली नाही, सीएकडून ठरवून घेतली. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली, तिच्यासाठी मी त्यांना मानते. धंदा बुडाला तर घातलेल्या पैशापुरतीच जबाबदारी, वावराला धक्का नाही; पण कर्जाला जामीनदार म्हणून सही केली तर बँक घरापर्यंत येऊ शकते. आम्ही तर एलएलपी झाली म्हणजे निश्चिंत, असंच धरून चाललो होतो.

भांडवल पाच लाखांच्या आत, म्हणून नोंदणीची सरकारी फी 2,000 रुपये. डिजिटल सह्या, करारावरची स्टॅम्प ड्युटी वेगळी. साहेबांची फी नऊ हजार, पावतीसह. शेड सासऱ्यांचं, त्यामुळे त्यांचं ना हरकत पत्र आणि दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल लागलं. नोंदणी झाल्यावर 30 दिवसांत करार दाखल करायचा असतो, तो त्यांनी पाचव्याच दिवशी केला. दरवर्षी 30 मे आणि 30 ऑक्टोबरच्या आत एकेक फॉर्म भरावाच लागतो, एक पाकीट विकलं नाही तरी. या दोन तारखा त्यांनी आमच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं लिहून दिल्या.

जीएसटीचं काम ते घेत नाहीत. फोनही कोर्ट सुटेपर्यंत उचलत नाहीत, म्हणून सहा वाजल्यानंतरच लावा. आणि जाण्याआधी आधार आणि पॅनवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. माझ्या नावात एका अक्षराचा फरक निघाला, त्यात आमचे बारा दिवस गेले.