लिथियम की व्हॅलप्रोएट : औषध ठरवण्याआधी घराने पाहायच्या गोष्टी

उन्मादाचा झटका ओसरून रुग्ण घरी आला आणि त्याची झोप पूर्ववत झाली, की बायपोलर विकार (मन उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांत आलटून पालटून जाण्याचा आजार) असलेल्या बहुतेक घरांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : आता वर्षानुवर्षे घ्यायची गोळी कोणती? ठाण्यातल्या कोपरीच्या आमच्या घरात, माझ्या धाकट्या भावासाठी, हा प्रश्न तीन आठवडे चर्चेत होता. मनोविकारतज्ज्ञांनी लिथियम आणि व्हॅलप्रोएट अशी दोन नावे समोर ठेवली आणि घरी विचार करून या, असे सांगितले. औषध अखेर डॉक्टरांनीच लिहून द्यायचे असते. परंतु ते रोज पाळायचे घराला असते, म्हणून ही तुलना घराच्या बाजूने केली आहे.

संशोधनाचे पारडे लिथियमकडे झुकते. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादावरील त्याचा गुण १९४९ साली प्रसिद्ध केला, तर व्हॅलप्रोएट हे मुळात फिट्सवरचे औषध असून या विकारात ते नंतर आले. दोन्हींची समोरासमोर तुलना करणारी बॅलन्स ही चाचणी २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यात ३३० रुग्णांना दोन वर्षांपर्यंत पाहिले गेले, आणि झटका पुन्हा आल्यामुळे नवे उपचार सुरू करावे लागलेल्यांचे प्रमाण एकट्या व्हॅलप्रोएटवर ६९ टक्के, एकट्या लिथियमवर ५९ टक्के आणि दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत ५४ टक्के होते. कोणते औषध चालू आहे हे रुग्णांना आणि डॉक्टरांना ठाऊक होते, ही त्या चाचणीची मर्यादा म्हणावी लागेल. मला मात्र फरकापेक्षा ५९ हा आकडाच अधिक महत्त्वाचा वाटला, कारण 'चांगले' औषध घेऊनही निम्म्याहून अधिक जणांना पुन्हा त्रास होतो, हे आधी कळले असते तर पुढच्या झटक्याला आम्ही भावाचा हलगर्जीपणा समजलो नसतो.

लिथियमने आत्महत्येचा धोका कमी होतो, असे २०१३ सालच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले होते. पुढे अमेरिकेतील ५१९ माजी सैनिकांवरील चाचणीत तसा फरक आढळला नाही आणि ती मध्येच थांबवावी लागली. त्यामुळे हा मुद्दा लिथियमच्या बाजूने धरावा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

खरी अडचण लिथियमच्या मात्रेची आहे. रक्तातील पातळी साधारणतः ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर, काहींच्या बाबतीत १ पर्यंत, ठेवली जाते, आणि १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती असते. म्हणजे गुण आणि अपाय यांच्यात अंतर फार थोडे. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. लिथियम सुरू झाल्यावर माझ्या भावाचा दुसरा रिपोर्ट १.३ आला तेव्हा घरात धावपळ उडाली. चौकशीअंती निष्पन्न झाले ते इतकेच, की सकाळची गोळी चहाबरोबर घेऊन मगच स्वारी लॅबमध्ये गेली होती! तेव्हापासून तपासणीच्या दिवशी आई सकाळची गोळी वाटीत काढून ती वाटी देवघरात ठेवते आणि रक्त देऊन आल्यावरच त्याच्या हातात देते. पातळी स्थिरावल्यावर ही तपासणी काही महिन्यांच्या अंतराने पुरते. थायरॉइड, मूत्रपिंड आणि कॅल्शियम यांकडे मात्र साधारण सहा महिन्यांनी पाहावेच लागते.

याच्या जोडीला आपले हवामान आहे. भाऊ रबाळ्याच्या एमआयडीसीत कामाला जातो. मे महिन्यात ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन उतरावे आणि वर पाणीही कमी प्यावे, तर मूत्रपिंडे लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात. पावसाळ्यातल्या जुलाब-उलट्यांतही तोच धोका असतो. आईच्या रक्तदाबासाठी घरातले मीठ एकाएकी तोडले, तेव्हा त्याचा भावाच्या गोळीशी संबंध असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांनीही पातळी चढते. हाताची थरथर वाढली, तोल जाऊ लागला, बोलणे जड झाले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

व्हॅलप्रोएटचा संसार त्या मानाने सुटसुटीत. उन्माद चढलेला असताना ते लवकर लागू पडते आणि पाण्या-मिठाचे इतके हिशेब मागत नाही. यकृत आणि प्लेटलेट्स तपासाव्या लागतात, वजन वाढते, केसही गळतात. परंतु रुग्ण मूल होण्याच्या वयातील स्त्री असेल, तर माझ्या मते तुलना येथेच थांबते. गरोदरपणात हे औषध घेतल्यास दहांपैकी सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. प्रतीक्षा कक्षात भेटलेल्या कळव्याच्या एका काकूंना हे सुनेला दिवस गेल्यावर कळले होते. लिथियमही गरोदरपणात पूर्ण निर्धोक नाही, पण त्याचा धोका याच्या तुलनेत बराच कमी आहे. चालू गोळी मात्र कोणतीही असो, घाबरून परस्पर बंद करू नये.

जनुकीय तपासणीवरून औषध निवडता येईल का, असेही आम्ही विचारले होते. या विकाराशी निगडित जनुकीय जागांची संख्या २०२५ सालच्या मोठ्या अभ्यासात २९८ वर पोहोचली असली, तरी त्यांवरून एखाद्याची गोळी ठरवण्याची वेळ अद्याप आलेली नाही. त्यापेक्षा 'घरात कोणाला लिथियम लागू पडले होते का?' हा डॉक्टरांचा साधा प्रश्न आज अधिक कामाचा आहे. आमच्या मामांना ते लागू पडले होते.

खर्चाचा प्रश्न असेल, तर १९०१ सालापासूनचे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि अडल्यावेळी बोलण्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. झटका आल्यास कोणते उपचार हवेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे बऱ्या काळात लिहून ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिला आहे. भावाने त्यात माझे नाव घातले आहे.

आम्ही लिथियम घेतले. भावाची रात्रपाळी असती आणि घरात गोळ्यांकडे पाहणारे कोणी नसते, तर मी व्हॅलप्रोएटसाठी आग्रह धरला असता.