मिनीव्हिप अँटेना: आठ महिन्यांनंतर, आणि त्या अडॅप्टरविषयी

मिनीव्हिप म्हणजे विजेवर चालणारा, फक्त ऐकण्यासाठीचा छोटा रेडिओ अँटेना. मे महिन्यात साडेपाच हजार रुपयांना घेतलेल्या या अँटेनाविषयी मी ऑगस्टमध्ये लिहिले असते, तर तो घेऊ नका असेच लिहिले असते. ४७५ आणि १३६ किलोहर्ट्झचे हौशी रेडिओचे (हॅम) पट्टे ऐकण्यासाठीच तो नागपुरातील आमच्या गच्चीवर पाच मीटरच्या पाइपवर बसवला. परंतु दोन्हीकडे एका जाड, सतत सरकणाऱ्या गुणगुणीखेरीज काहीच मिळेना. उन्हाळ्यात मी कूलरच्या मोटारीला दोष दिला आणि पावसाळ्यात विजांना.

दोष होता सोबत आलेल्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरचा. त्याची स्विचिंग वारंवारता, म्हणजे आतील वीज चालू-बंद होण्याचा वेग, सुमारे ६८ किलोहर्ट्झ निघाली. असा गोंगाट तिच्या पटींवरही उमटतो. तिची दुप्पट १३६ आणि सातपट ४७६, म्हणजे ज्या दोन जागांसाठी पैसे मोजले, नेमक्या तिथेच हा अडॅप्टर बोलत होता. विक्रेत्याला या गोंगाटाचे आलेख पाठवले. अडॅप्टर १२ व्होल्ट देतो आहे, म्हणजे तो चांगला आहे, हेच उत्तर तीनदा आले. व्होल्टेज बरोबर असूनही वीज गोंगाटाने भरलेली असू शकते, हे अँटेना विकणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे.

नवा लिनियर सप्लाय (स्विचिंगविना चालणारा, कमी गोंगाटाचा वीजपुरवठा) घेण्याचा खर्च मला पटला नाही. जुन्या यूपीएसमधील ७ अँपिअर-तासांची बॅटरी जोडताच गुणगुण थांबली. अँटेना ५० मिलिअँपिअरच्या आसपास घेत असल्याने आठवड्यातून एकदा चार्जिंग पुरते. उरलेला गोंगाट एलईडी दिव्यांचा होता आणि तो कोॲक्सच्या (अँटेनाला रिसीव्हरशी जोडणाऱ्या केबलच्या) बाहेरील जाळीवरून वर चढत होता. या अँटेनात ती जाळी स्वतःच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असते, त्यामुळे तिच्यावरचा घरगुती गोंगाट थेट रिसीव्हरमध्ये उतरतो. फेराइट कड्यावर केबलचे बारा वेढे घेतले, पाइपच्या पायथ्याशी जाळीला स्वतंत्र अर्थिंग दिले, आणि तोही बराच ओसरला. माहितीपत्रकात यातील एक ओळही नाही.

जानेवारीत एका रात्री २ वाजून ४६ मिनिटांनी ४७५ किलोहर्ट्झवर जपानमधील एका केंद्राचा डब्ल्यूएसपीआर (अगदी क्षीण संकेतांसाठीची डिजिटल पद्धत) संदेश उलगडला: अंतर सुमारे सहा हजार किलोमीटर, पातळी गोंगाटाखाली २७ डेसिबल, म्हणजे उकलण्याच्या मर्यादेलगत. या पट्ट्यावर सर्वसाधारणपणे एक वॉट प्रभावी शक्तीचीच मुभा असते, हे लक्षात घेता मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. दिवसा या लहरी इतक्या दूर पोहोचत नाहीत; जपानमध्ये सूर्य उगवताच, आपल्याकडे साडेतीनच्या आत, तो मार्ग मिटला.

१३६ वर मात्र अद्याप एकही संदेश मिळालेला नाही. मार्चच्या गडगडाटाआधी तिथे रोज रात्री बॅटरीवरच ऐकणार आहे. अडॅप्टर पुन्हा जोडणार नाही.