इंजिन ठणठणीत, सेन्सर आजारी: बीएस-६ पिकअपचा वापरानंतरचा अनुभव

गाडीचं नाव लिहीत नाही. एक तर वॉरंटीचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि दुसरं म्हणजे हा आजार एकाच कंपनीचा नाही. डिझेल पिकअप २०२० नंतरची असेल तर आज ना उद्या तुमच्याही डॅशवर तो दिवा लागेल. पेलोड किती, टॉर्क किती, हौदा किती फुटांचा, हे तुम्हाला पाठ असतंच, त्यात वेळ घालवत नाही.

सुरुवातीचे महिने तक्रारीला जागा नव्हती. थंडीतही पहिल्या किल्लीला चालू, क्लच हलका, भरल्या गाडीची चढावर ओढ चांगली. मग एके दिवशी पिवळा दिवा लागला: चौकोनी डबी आणि तिच्यात ठिपके. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, "डीपीएफ चोक झालाय सर, फोर्स रिजन करावं लागेल." डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, आणि रिजन म्हणजे तिच्यात साठलेली काजळी तापवून जाळणं. केलं, पैसे घेतले, दिवा विझला. थोड्या दिवसांनी परत लागला. परत रिजन, परत बिल. शेवटी भर घाटात गाडी लिम्प मोडला गेली. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ढिम्म. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, हौद्यात माल, आणि टोचन लावून वरात वर्कशॉपला.

तिथे जॉबकार्ड फाडलं आणि गाडी आठवडाभर कोपऱ्यात उभी. मग इस्टिमेट आलं: अख्खी डीपीएफ असेंब्ली बदला, लाखाच्या पुढे. वॉरंटीचं विचारलं तर ॲडव्हायझर म्हणाला, "तुमचा रनिंग पॅटर्न बरोबर नाही सर. कमी अंतराच्या फेऱ्या मारता, गाडी गरमच होत नाही. वॉरंटीत बसणार नाही." गाडी विकताना याच शोरूमने शहरातल्या डिलिव्हरीला एक नंबर म्हणून ती माझ्या गळ्यात मारली होती. आता डिलिव्हरी केली हाच माझा गुन्हा.

पण ॲडव्हायझर अगदीच खोटं बोलत नव्हता. गाडीच्या धुरावरच्या नियमांत भारताने बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ लागू केलं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं आणि सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ बसला. हा सिरॅमिकचा जाळीदार ठोकळा असतो. त्यातल्या नळ्या आळीपाळीने एकेका टोकाला बुजवलेल्या असतात, त्यामुळे धूर भिंतीतून झिरपून जातो आणि काजळी आत अडकते. ती जाळायला साधारण ६०० अंश उष्णता लागते. हायवेला लांब पल्ला झाला तर थोडी थोडी आपोआप जळत राहते. गावातल्या गावात फिरलात तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मुद्दाम उशिराने जादा डिझेल मारून एक्झॉस्ट तापवतो. तेवढ्यात आपण दुकानासमोर गाडी बंद करून माल उतरवायला लागलो की काम अर्धवट राहतं, आणि काजळी साठतच जाते.

याचा दुसरा परिणाम वर्कशॉपमध्ये कुणी आपणहून सांगत नाही. ते उशिराने मारलेलं डिझेल सगळंच एक्झॉस्टला जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. रिजनच्या फेऱ्या झाल्यावर मी डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं वर. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास सरळ पंपावरचा. जुन्या गाडीत ऑइल कमी झालं की जीव खालीवर व्हायचा, या गाडीत वाढलं की व्हावा. हे कळल्यापासून सर्व्हिस बुकातल्या किलोमीटरची वाट न बघता ऑइल आधीच बदलतो. फुकट होत नाही ते, पण टर्बोच्या बेअरिंगपेक्षा स्वस्त आहे. ऑइल मात्र कमी राखेचंच घ्या. काजळी जळते, ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती डीपीएफमध्येच बसून राहते.

आता माझ्या खऱ्या रागाकडे येतो. डीपीएफमध्ये किती काजळी साठली आहे याचा हिशेब ईसीयू सतत ठेवत असतो. आकडा गाडीच्या पोटात तयार असतो. आणि मला दाखवत नाही! स्क्रीनवर गाण्याचं नाव येतं, गायकाचा फोटो येतो, नीट चालवली की हिरवं पान उगवतं, सीटबेल्टची पिरपिर तर विचारू नका. पण ज्या एका आकड्यावर माझा धंदा आणि लाखाचा पार्ट टांगलाय, तो नाही. सरळ दिवा. दिवा लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. पाण्याच्या टेंपरेचरला काटा देता, डिझेलला काटा देता, मग याला का नाही? काटाही नको, मेन्यूत कुठेतरी कोपऱ्यात एक टक्केवारी टाका. नवीन हार्डवेअरचा एक रुपया खर्च नाही. हे मी प्रत्येक फीडबॅक कॉलला सांगतो. समोरची मुलगी "दहापैकी किती गुण द्याल सर" यापलीकडे सरकत नाही.

शेवटी ईसीयूतले आकडे वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी डोंगल ऑनलाइन मागवला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाइलवर बघायचं. एका बिलाच्या लेबरइतकीही त्याची किंमत नाही. आणि इथूनच माझं डीपीएफविषयीचं मत फिरलं.

सकाळी गाडी रात्रभर गार झालेली, इंजिन बंद, नुसती किल्ली फिरवलेली. डीपीएफच्या पुढचा आणि मागचा दाब यांतला फरक दाखवणारा आकडा अशा वेळी शून्याच्या आसपास हवा, कारण धूरच वाहत नाही. माझ्याकडे तो शून्यावर नव्हताच. बंद इंजिनात प्रेशर कुठून आलं? ताप थर्मामीटरलाच होता, आणि ऑपरेशन रोग्याचं ठरलं होतं.

ओळखीच्या गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने खाली वाकून डिफरन्शियल प्रेशर सेन्सर काढला: काडेपेटीएवढी काळी डबी, दोन तोट्या, दोन रबरी नळ्या. एका नळीला मध्येच झोळ पडलेला आणि त्यात पाणी साचलेलं. ती झटकली तर काळं पाणी तळहातावर आलं. "दादा, एक्झॉस्टमधला ओलावा हा. इथं साचतो आणि मग सेन्सरपर्यंत चढतो. डीपीएफला काय धाड भरलीये?" नवा सेन्सर आणला, नळ्या बदलल्या, झोळ राहणार नाही अशा वरून बांधल्या. सकाळचा आकडा शून्यावर आला.

गोष्ट इथे संपली असती तर पाच स्टार दिले असते. पण सेन्सर बदलल्यावर ईसीयूमधली जुनी शिकवण पुसावी लागते, नाहीतर तो जुन्याच हिशेबाने काजळी मोजत राहतो. त्या माणसाकडे स्कॅनर आहे, कोड वाचतो, कोड पुसतो; पण हे एक कलम फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरला उघडतं. म्हणजे रोग ओळखला बाहेरच्याने, दुरुस्त केला बाहेरच्याने, आणि बटण दाबायला जायचं परत त्याच वर्कशॉपला, जिथे लाखाचं इस्टिमेट फाडलं होतं. तिथे पहिला प्रश्न: "बाहेर हात लावलाय का?" पार्ट जेन्युइन होता, बिल खिशात होतं, म्हणून कुरकुरत बटण दाबलं. तेवढ्याचंही लेबर लावलं.

ही कुलूपबंदी नवी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुली ठेवत नाहीत म्हणून. पुढे अपिलं झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. मी ते उघडून बघितलं. मला हवं होतं ते एक बटण तिथे नाही.

महागडी गाडी घेतली असती तर सुटलो असतो, असंही वाटत नाही. अमेरिकेतल्या धिप्पाड पिकअपचं वाचतो तेव्हा जरा गार वाटतं, खोटं कशाला बोलू. टोयोटाच्या टुंड्रामध्ये कारखान्यातलं मशीनिंगचं कीस इंजिनातच राहिलं, म्हणून २०२४ मध्ये लाखभर गाड्या परत बोलावल्या आणि इंजिनंच बदलून द्यायची वेळ आली. २०२५ मध्ये जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ ला क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषापायी रिकॉल लागला. तपासणीत पास झालेल्या गाड्यांना काय मिळालं, तर जाड ऑइल आणि ऑइलचं नवं झाकण! पण निदान रिकॉल जाहीर तरी होतो. आमच्याकडे "रनिंग पॅटर्न".

या सगळ्यात अनेकांनी मोलाचा सल्ला दिला: डीपीएफ फोडून पोकळ कर, सॉफ्टवेअर मारून घे, आयुष्यभराची कटकट मिटेल. करून देणारे जागोजाग आहेत. मी करणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, उरलीसुरली वॉरंटी जाते, आणि गाडी विकताना गिऱ्हाइकाने स्कॅनर लावला की भाव पडतो. शिवाय मी पहाटे ज्या गल्ल्यांत गाडी उभी करतो तिथे लोक खिडक्या उघड्या टाकून झोपलेले असतात. तो काळा धूर त्यांच्या घरात सोडायचा आणि वर म्हणायचं बीएस-६ वाईट, हे मला जमणार नाही.

त्यापेक्षा सोपं म्हणजे रिजन चालू आहे हे ओळखायला शिका. आयडल, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची गती, नेहमीपेक्षा वर जातं, उभ्या गाडीत पंखा जोरात फिरत राहतो, ॲव्हरेजचा आकडा धाडकन पडतो, खालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. अशा वेळी किल्ली काढू नका, एक चक्कर जास्त मारा. आणि वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. पूर्वी अंदाजाने रिकामी गाडी हायवेला पिटाळायचो आणि डिझेल जाळल्याबद्दल स्वतःवरच चिडायचो. आता डोंगलमुळे काजळीची टक्केवारी मोबाइलवर समोर असते, गरज असेल तेव्हाच जातो.

काही बीएस-६ गाड्यांत धूर साफ करायला यूरियाचं पाणी लागतं. ती टाकी माझ्या गाडीला नाही, मेहुण्याच्या मोठ्या गाडीला आहे. ३२.५ टक्क्यांचंच सोल्युशन लागतं, सांडलं की पांढरे खडे धरतात, आणि टाकी रिकामी झाली की इशारे देऊन गाडी अडून बसते. त्याची रडगाणी वेगळी, तोच कधीतरी लिहील.

बाकीचं भराभर. पाटे मजबूत, रिकाम्या गाडीत कंबर मोडते. एसी चांगला. ब्रेक पॅड लवकर खाते. हौद्याच्या फाळक्याची कडी पहिल्या पावसात गंजली, ती मी वेल्डरकडून स्टीलची करून घेतली. इंजिनाबद्दल अजूनही वाईट शब्द नाही.

फोर्स रिजनची बिलं परत मागितली आहेत, कारण रोग सेन्सरचा होता आणि तो वॉरंटीत असताना होता. मॅनेजरने ऐकवलं, "कमर्शियल गाडीला ग्राहक कोर्ट लागू नाही." असं काही नाही. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'त धरत नाहीत. एक गाडी, स्वतः चालवणारा मालक, हे त्यात बसतं. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद केली आहे. कंपनीचं उत्तर आलं: "आपली गैरसोय झाल्याबद्दल खेद आहे, प्रकरण संबंधित विभागाकडे पाठवलं आहे." जॉबकार्डं, बिलं, सकाळच्या रीडिंगचे स्क्रीनशॉट, सगळ्याची फाइल केली आहे. जुना सेन्सरही गॅरेजवाल्याकडून मागून घेतला. तुम्हीही काढलेला पार्ट सोडून येऊ नका. ग्राहक आयोगात विचारतील तेव्हा दाखवायला हातात काहीतरी लागतं.