आरटीएक्स ३०६० : वॉरंटी पाहून घेतलेल्या कार्डाचा वापरानंतरचा अनुभव

घरांच्या अंतर्गत सजावटीची थ्रीडी दृश्ये ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणे, म्हणजे संगणकाकडून त्यांची अंतिम चित्रे तयार करून घेणे, हे माझे रोजचे काम आहे. त्यासाठी मी १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतले, आणि आता बरेच महिने ते रोज, अनेकदा रात्रभरही, चालते. हे कार्ड बऱ्याच कंपन्या विकतात, पण चिप सगळ्यांची एनव्हिडियाचीच असते. वेगळे असतात ते बोर्ड, हीटसिंक (चिपची उष्णता शोषणारा धातूचा भाग), पंखे आणि वॉरंटी. रेंडरच्या वेळेत या कंपन्यांमधला फरक जाणवण्याइतका नसतो. त्यामुळे निवड करताना मी गार ठेवण्याची व्यवस्था आणि वॉरंटी या दोनच गोष्टींना वजन दिले.

नाशिकला राहणाऱ्या माणसासाठी 'तीन वर्षे वॉरंटी' हे शब्द अपुरे असतात. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात की सीरियल नंबरवरून, म्हणजे उत्पादनाच्या तारखेपासून, हे आधी विचारावे, कारण दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या कार्डाच्या बाबतीत यामुळे मोठा फरक पडतो. वाढीव वॉरंटीसाठी ठराविक मुदतीत ऑनलाइन नोंदणी लागते का, आणि कार्ड कुरियरने पाठवता येते की स्वतः सर्व्हिस सेंटरला न्यावे लागते, हेही मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराकडून बिल करण्यापूर्वीच स्पष्ट करून घेतले. परदेशातून कोणी आणून दिलेले कार्ड स्वस्त पडते. मात्र त्याची वॉरंटी इथे चालेल असे गृहीत धरू नये.

पावसाळ्यात एका पंख्यातून खरखर येऊ लागली आणि लवकरच तो अडखळत फिरू लागला. लांबलचक रेंडर सुरू असताना तापमान नेहमीपेक्षा बरेच वर जात होते. कार्ड सर्व्हिस सेंटरला देण्यापूर्वी मी सीरियल नंबरचे स्टिकर, स्लॉटमध्ये बसणारी सोनेरी पट्टी आणि बोर्डाच्या चारही कडा यांचे जवळून फोटो काढून ठेवले, आणि पुढे त्यांचा फार उपयोग झाला. सेंटरवर पहिल्यांदा मला सांगण्यात आले की बोर्डाच्या कडेला ओरखडा असल्याने हे 'फिजिकल डॅमेज' आहे आणि ते वॉरंटीत बसत नाही. कार्ड जमा करण्याआधीच्या फोटोंत ती कड स्वच्छ दिसत होती. ते फोटो बिलासह ईमेलने पाठवल्यावरच तक्रार पुढे सरकली. ग्राहकाकडे फोटो नसते तर त्याचे कोणी ऐकले असते, असे मला वाटत नाही, आणि ही गोष्ट मला अजूनही अन्यायाची वाटते. शेवटी पंखे बदलून कार्ड परत मिळाले. वॉरंटीची मूळ मुदत मात्र तीच राहिली.

या काळात माझे काम जुन्या कार्डावर चालले, फार संथपणे. ज्यांची कमाई संगणकावर अवलंबून आहे त्यांनी दुरुस्तीला लागणारे दिवसही किमतीत धरावेत.

वॉरंटीमागे उभी असलेली कंपनीही पाहावी लागते. वॉरंटीबद्दल नावाजलेल्या ईव्हीजीए या कार्ड विकणाऱ्या कंपनीने सप्टेंबर २०२२मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या व्यवसायातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. जुन्या ग्राहकांची वॉरंटी पाळू असे तिने सांगितले, पण पुढची कार्डे काही आली नाहीत. त्याच महिन्यात इथेरियम या आभासी चलनाचे माइनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणिते चालवून चलन मिळवणे) थांबले आणि माइनिंगमध्ये वापरलेली कार्डे जुन्या बाजारात आली. अशा कार्डाची चिप ठणठणीत असू शकते, पण सतत फिरलेले पंखे आणि चिप आणि हीटसिंक यांच्यामधली सुकलेली थर्मल पेस्ट यांचा खर्च घेणाऱ्याच्या माथी येतो. म्हणून मूळ बिल नसलेले जुने कार्ड, कितीही स्वस्त असले तरी, मी घेणार नाही.

दुरुस्तीनंतर पंखे शांत आहेत आणि तापमान पूर्ववत झाले आहे. कार्ड मोठ्या दृश्यांनाही पुरते, कारण १२ जीबी मेमरीत जड टेक्सचर, म्हणजे पृष्ठभागांवर चढवायच्या प्रतिमा, मावतात. याच किमतीच्या आसपास ८ जीबीचे, पुढच्या पिढीचे आरटीएक्स ४०६० मिळत होते. खेळांसाठी ते अधिक वेगवान आणि वीजही कमी खाते, मात्र माझ्यासारख्या कामासाठी मी पुन्हा १२ जीबीच घेईन, आणि तेही बिलाच्या तारखेपासून वॉरंटी मोजणाऱ्या कंपनीचे.