क्रोममधली 'खूप मोठी' अक्षरं : काही महिने वापरल्यावर

काल गाडीच्या विम्याचे पैसे भरताना पुन्हा तोच वैताग झाला, म्हणून लिहितोय. क्रोमच्या सेटिंगमध्ये मी अक्षरांचा आकार 'खूप मोठा' ठेवलाय. ओटीपी टाकला, पण 'पुढे जा' बटण कुठेच दिसेना. ओटीपीच्या चौकटीची उंची पक्की बांधलेली, अक्षरं मोठी झाल्यावर बटण तिच्या खाली गडप, आणि आत स्क्रोलही होत नाही. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. शेवटी सेटिंग 'मध्यम'वर आणून, डोळे बारीक करून पैसे भरले.

लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये 'मध्यम' म्हणजे 16 पिक्सेल, 'खूप मोठा' म्हणजे 24. चष्म्याच्या प्रोग्रेसिव्ह काचांचा (जवळचं-लांबचं एकाच काचेत) भाव ऐकल्यावर हा फुकटचा उपाय आधी करून बघायचं ठरवलं. सुरुवातीला मी याला दोनच तारे दिले असते. एका साइटवर अक्षरं छान मोठी, दुसरी ढिम्म. मग पानांचं सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारा कोड, उघडून पाहिलं आणि मत बदललं. माप पिक्सेलमध्ये लिहिलं असेल, तर माझी निवड तिथवर पोचतच नाही. रेममध्ये, म्हणजे पानाच्या मूळ अक्षर-मापाच्या पटीत, लिहिलं असेल तर पोचते : दीड रेमचा मथळा एरवी 24 पिक्सेलचा, माझ्याकडे 36 चा. ते मूळ माप 62.5 टक्के लिहिलं तरी हरकत नाही, कारण ते माझ्या निवडीच्याच टक्क्यांत मोजलं जातं. तिथे 10 पिक्सेल लिहिलं की संपलं. म्हणजे क्रोम आपलं काम चोख करतं. आता चार तारे.

'कंट्रोल आणि प्लस दाबा की' असं सगळे सांगतात. दाबतो. पण त्याने चित्रं, समास, सगळंच फुगतं, आणि वर मेनू आक्रसून मोबाइलसारखा होतो. मला फक्त अक्षरं मोठी हवी आहेत. फायरफॉक्समध्ये झूम फक्त मजकुरापुरता ठेवता येतो, आणि तो पिक्सेलवाल्या अक्षरांनाही लागू होतो. हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. वाचनाच्या साइट्स आता तिथेच उघडतो.

मराठी पानांवर आणखी एक छळ आहे. ओळीची उंचीही पिक्सेलमध्ये बांधलेली असली की खालचे उकार आणि वरच्या वेलांट्या चौकटीत कापल्या जातात. इंग्रजी मजकूर जेमतेम निभावतो, आपला नाही. मराठी पान काढणाऱ्यांनी तरी एकदा 24 वर ठेवून आपलं पान बघावं.

मी काही जगावेगळं मागत नाही. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब पानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली, तिचा नियम 1.4.4 सन 2008 पासून सांगतो, की मजकूर 200 टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट, मोठा केला तरी काही हरवता कामा नये, काही बंद पडता कामा नये. मी तर 150 वरच आहे.

विमा कंपनीला हे सगळं नियमाच्या क्रमांकासह कळवलं. उत्तर आलं, 'कृपया ब्राउझरची मूळ सेटिंग वापरा.' पुढच्या नूतनीकरणाआधी ती चौकट सुधारली नाही, तर कंपनी बदलणार. नो क्लेम बोनस तसाही माझ्यासोबत येतो.